चार नंबरच्या कातळावरची नाचरी

बाई येणार असल्याचा फोन सोमवारी सकाळी आला, आणि तेव्हापासून टिचकीचं कशातच लक्ष लागेना.

फोन पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसातून होता. साहेब म्हणाले, "बुधवारी कॉलेजच्या बाई येतायत. बरोबर त्यांची विद्यार्थिनी आहे, तिच्याकडे कसलंसं यंत्र आहे. चार नंबरचा कातळ तपासायचाय. सकाळचं तिरपं ऊन पाहिजे म्हणे, तेव्हा उजाडताच निघा. बाईंचं वय झालंय, जपून न्या."

"काय तपासायचंय?" टिचकीनं विचारलं.

"नाचरी किती जुनी आहे ते. भिंग लावलं की दगडाचा कण न् कण दिसतो म्हणे. तुम्ही कशाला डोकं शिणवताय? तुम्ही फक्त वाट दाखवा."

वाट दाखवणं हे टिचकीचं कामच होतं. डोंगराच्या उतारावर सात मोठे कातळ होते आणि त्यांच्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणी कोणी कोरून ठेवलेली चित्रं होती. हरणांचे कळप, मासे, धनुष्यवाले, नुसतेच गोल. मोजून दोनशे तेरा. तीसेक वर्षं तो त्यांचा राखणदार होता. सकाळी फाटक उघडायचं, लोकांना वर न्यायचं, कातळावर पाय देणाऱ्याला दटावायचं, पोरांच्या हातातले खडू काढून घ्यायचे, संध्याकाळी फाटक लावायचं. त्याआधी तो डोंगराच्या पलीकडच्या दगडखाणीत पाथरवट होता. छिन्नी लावायच्या आधी दगडाला बोटानं टिचकी मारून कान लावायचा, आत भेग आहे की नाही ते ओळखायचा. नाव पडलं ते तिथेच. पुढे खात्याच्या ओळखपत्रावरचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं.

सात कातळांत लोक सगळ्यात जास्त वेळ थांबायचे ते चौथ्यापाशी. तिथे नाचरी होती. वीतभर उंचीची बाई, दोन्ही हात डोक्याच्या वर उचललेले, अंग एका बाजूला कललेलं, एक पाय लांब आणि एक आखूड, जणू नाचता नाचता उचललेला. तिकिटावर तीच, फाटकावरच्या पाटीवर तीच. बाईंनी तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं.

आणि ती टिचकीनं कोरलेली होती. एकोणीस वर्षांचा असताना.

ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, एक तो आणि दुसरी त्याची बायको.

बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. त्या दिवशी दुपारी तो जेवायला आला तेव्हा ती मशीनवर बसून एका बाहीला कफ लावत होती. त्यानं फोनचं सांगितलं. तिनं पायडल थांबवलं नाही.

"यंत्राला काय कळतंय," ती म्हणाली.

"सगळं कळतं म्हणे."

"कळलं तर कळलं. नवं आहे एवढंच कळेल ना? यंत्राला तुमचं नाव थोडंच माहीत आहे?"

हे खरं होतं. गप्प बसलं तर त्याच्यापर्यंत कोणी येणार नव्हतं. कोणीतरी, कधीतरी, गंमत म्हणून कोरलं असेल असं म्हणाले असते आणि विषय संपला असता. टिचकी ताटासमोर बसून राहिला.

"पण बाईंचं काय?" तो म्हणाला. "स्वतःच्या हातानं ते यंत्र घेऊन येतायत त्या. त्या पोरीसमोर तोंडघशी पडतील."

"आणि तुम्ही सांगितलंत तर पडणार नाहीत?"

"पडतीलच. पण माझ्याकडून कळेल."

बायकोनं मशीन थांबवलं. "आणि तुमची नोकरी? खातं काय म्हणेल? संरक्षित जागेचा राखणदारच... आणि ते खाणवाले? ते तर टपूनच बसलेत." तिनं दातानं दोरा तोडला. "मी अडवत नाही. पण काय बोलायचं ते नीट ठरवून बोला. तुम्ही ऐन वेळी भलतंच बोलता."

खाणवाल्यांचं तिनं काढलं ते उगाच नव्हतं.

झालं होतं असं. टिचकीची आई त्याच खाणीत खडी वाहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. त्याच्या लहानपणी कधीतरी तिच्या डाव्या पायावर दगड पडला आणि तो पाय कायमचा आखूड झाला, तरी तिनं काम सोडलं नाही. तो अठरा वर्षांचा असताना ती तापानं गेली. घरात तिचा एक फोटोही नव्हता. तिचा चेहरा आपण विसरत चाललोय असं त्याला वाटायला लागलं. रविवारी खाण बंद असायची, तेव्हा तो डोंगर ओलांडून या कातळांवर येऊन बसायचा. तेव्हा इथे फाटक नव्हतं, पाटी नव्हती, गुरं चरायची. हरणांकडे बघता बघता त्याला वाटलं, चेहरा नाही जमणार, पण चाल जमेल. मग त्यानं अकरा रविवार बसून आईची चाल कोरली. शेवटचं घमेलं तेवढं राहिलं. ते कोरायला घेतलं आणि त्याच आठवड्यात खाणीत दरड कोसळून त्याचा हात मोडला. हात बरा होईस्तोवर मनातली ती निकडच निघून गेली होती.

तीन वर्षांनी बाई आल्या. तेव्हा त्या कॉलेजात नव्याने शिकवायला लागल्या होत्या, खांद्याला कागदांची मोठी गुंडाळी. वाट माहीत असलेला माणूस हवा म्हणून मुकादमानं टिचकीला त्यांच्याबरोबर दिलं. चौथ्या कातळापाशी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि कितीतरी वेळ हवेतल्या हवेत त्या रेषांवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघा, ही नाचतेय."

टिचकीनं तोंड उघडलं होतं. पण एवढी शिकलेली बाई आपल्या आईसमोर बसून रडतेय हे बघून त्यानं ते पुन्हा मिटलं. उद्या सांगू म्हणाला. उद्या त्या नाचरीचा कागदावर ठसा घेत होत्या. पुढच्या महिन्यात पेपरात फोटो आला. आणि वर्षाच्या आत खाणीचं काम थांबलं. खाणवाले डोंगर पोखरत कातळांपासून हाकेच्या अंतरावर आले होते, सुरुंगाचे दगड हरणांवर येऊन पडायचे. बाईंनी ऑफिसांचे उंबरे झिजवले आणि नाचरीचा फोटो दाखवून दाखवून डोंगर वाचवला. तेव्हा टिचकीनं सांगितलं असतं तर? त्यानं नाही सांगितलं. पुढे बाईंनीच शब्द टाकून त्याला राखणदार केलं, आणि मग सांगायची सोयच उरली नाही.

बुधवारी फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा धुकं होतं. बाई उतरल्या. सदुसष्ट वर्षांच्या, किरकोळ अंगाच्या, डोक्याला कापडी टोपी, हातात काठी. मागून पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेली चष्मेवाली मुलगी उतरली.

"टिचकी, तुम्ही म्हातारे दिसायला लागलात," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही दिसत, बाई."

"खोटं बोलायची सवय कधीपासून लागली?"

त्या हसत होत्या. टिचकीनं खाली बघत फाटक उघडलं.

पहिला चढ पायऱ्यांचा होता, मग गवतातली वाट, मग ओढ्याकाठची घसरण. घसरण म्हणजे पंधरा-वीस पावलांचा, ओढ्याकडे उतरता ओला खडक, वरून सतत पाणी पाझरायचं आणि खाली दोन पुरुष खोल ओढा. टिचकीनं तिथे खाचा पाडून ठेवल्या होत्या. बाई काठी आधी टेकवून, मग एक पाय, मग दुसरा, असं करत गेल्या. टिचकी खालच्या अंगानं चालला, त्यांच्या आणि ओढ्याच्या मध्ये. पलीकडे पोचल्यावर त्या दगडावर बसल्या.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, त्या नव्या प्राध्यापकानं काय लिहिलंय?" त्या म्हणाल्या. "म्हणे नाचरी बाकीच्या चित्रांत बसत नाही. म्हणे मागाहूनची असावी. पस्तीस वर्षं मी काय डोळे मिटून बघत होते? आज हिचं यंत्र काय ते सांगेल. मग तो निबंध मी त्याला फ्रेम करून पाठवणार आहे."

आत्ता सांगावं, टिचकीला वाटलं. तो म्हणाला, "बाई, एक बोलायचं होतं."

"वर गेल्यावर बोला. ऊन निघून जाईल." त्या उठल्या.

पुढची वाट रुंद होती. बाई मागे रेंगाळत एकेक झुडूप बघत येत होत्या. चष्मेवाली झपाझप चालत टिचकीच्या बरोबरीला आली. मागे वळून बघत हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही अगदी सुरुवातीपासून इथे आहात ना?"

"हो."

"त्या चित्रात कोणी नंतर हात घातला असेल का? म्हणजे कोणी खाणकामगार वगैरे?"

टिचकीचं पाऊल चुकलं. "का विचारता?"

"मी जुने फोटो मोठे करून बघितलेत. हरणं कोरताना दगडानं ठोकून पाडलेल्या टोच्यांच्या कडा पार गोल झाल्यात, आणि नाचरीच्या..." तिनं वाक्य सोडून दिलं. "मला तीन दिवस झोप नाही. मॅडमनी मला घडवलंय. त्यांच्या समोर भिंगातून बघायचं आणि काय सांगायचं? खोटं सांगता येणार नाही. खरं सांगितलं तर त्यांना मीच..." तिनं चष्मा वर सरकवला. "तुम्हाला काही माहीत असेल तर मला आधी सांगा. प्लीज."

टिचकीला तिच्याकडे बघवलं नाही. "वर पोचू या," तो म्हणाला.

ते पोचले तेव्हा धुकं विरत होतं. चौथा कातळ काळा, गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखा. ऊन डोंगराच्या कडेवरून आडवं आलं आणि एकदम सगळ्या रेषा उठून दिसायला लागल्या. मुलीनं पिशवीतून तीन पायांचा स्टँड काढला, त्यावर भिंग बसवलं, स्क्रू फिरवून ते नाचरीच्या आखूड पायावर आणलं आणि डोळा लावला.

बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. टिचकी त्यांच्या मागे दोन पावलांवर. खाली ओढ्याचं पाणी वाजत होतं तेवढंच.

मुलीनं भिंग सरकवलं. कंबर. खांदा. मग स्टँड उचलून ती बाजूच्या हरणाकडे गेली, तिथे बघितलं आणि परत आली. पुन्हा नाचरी. तिचे कान लाल झाले होते.

"बोल," बाई म्हणाल्या.

"मॅडम, एकदा परत बघते."

"तीनदा बघितलंस."

"उजेड नीट नाहीये बहुतेक."

"उजेड उत्तम आहे. काय दिसतंय?"

मुलीनं डोळा भिंगावरून काढलाच नाही. तिचा खांदा हलायला लागला होता, आणि ते बघून टिचकी पुढे आला.

"परत बघू नका, ताई," तो म्हणाला. "ते मी केलंय."

बाई वळल्या. "काय केलंय?"

"हे चित्र. मी कोरलंय. तुम्ही यायच्या तीन वर्षं आधी."

बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "टिचकी, सावलीत बसा जरा. तुम्हाला चढ बाधलाय."

"चढ नाही बाधला. ही माझी आई आहे."

मुलीनं आता मान वर केली होती. बाईंचा चेहरा हळूहळू बदलला, पण आवाज वर्गात असावा तसाच राहिला. "बरं. तुमची आई आहे. मग नाचतेय का ती?"

"नाचत नाहीये. तिच्या डोक्यावर घमेलं आहे, ते हातांनी धरलंय. घमेलं कोरायचं राहून गेलं."

"आणि पाय?"

"आखूडच होता. दगड पडला होता पायावर."

"मी त्या पायावर एक आख्खं प्रकरण लिहिलंय," बाई म्हणाल्या. "त्या पायात ताल आहे म्हणून."

"ताल नव्हता, बाई. ती लंगडायची."

बोलला आणि त्याला स्वतःलाच हुंदका आला. तीस वर्षं तो या कातळाशेजारी उभा राहून लोकांना सांगत आला होता की बघा, ही नाचरी आहे, बघा कशी आनंदात आहे. शाळेच्या मुली तिच्यासारखे हात वर करून फोटो काढायच्या. तो हसून बाजूला व्हायचा.

"कशावरून?" बाई म्हणाल्या. "कोणीही येऊन सांगेल मी केलंय म्हणून. पुरावा द्या."

टिचकी खाली बसला. नाचरीच्या उजव्या हाताच्या वर दगडफुलाचा एक राखाडी डाग पसरला होता. त्यानं बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. "याच्या खाली तीन टोचे आहेत. घमेल्याची कड. तीनच झाले होते. तुमच्या ठशात आले नाहीत, पुस्तकातही नाहीत. तेव्हा ते मातीनं बुजले होते."

मुलीनं स्टँड सरकवला. स्क्रू तिच्या हातून दोनदा निसटला. दगडफूल काठाला विरळ होतं, तिथून तिनं भिंग तिरपं करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दोन दिसतायत," ती म्हणाली. "तिसरा अर्धा."

बाईंनी काठी खाली ठेवली आणि कातळाकडे पाठ करून बसल्या. मग म्हणाल्या, "माझं पहिलं व्याख्यान इथेच झालं. मी तासभर बोलत होते. तुम्ही छत्री धरून उभे होतात."

"हो."

"शब्द न् शब्द ऐकत होतात."

"हो, बाई."

"आणि घरी जाऊन हसत होतात?"

"कधीच नाही." टिचकी तिथेच उभा होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "पहिल्या दिवशीच सांगणार होतो. तुम्ही रडलात म्हणून राहिलं. मग तुम्ही खाण थांबवायला निघालात. सुरुंगाचे दगड त्या हरणांवर येत होते, तुम्ही बघितलंय. नाचरी खोटी निघाली असती तर हरणांचं कोणी ऐकलं नसतं."

"म्हणजे मी तुमच्या उपयोगाला आले."

"तसं नाही."

"तसंच आहे." बाई उठल्या. "सामान आवर, आपण खाली जातोय. आणि तुम्ही, टिचकी, माझ्या पुढे चाला. मला आत्ता तुम्ही शेजारी नको आहात."

उतरताना टिचकी दहा पावलं पुढे होता, दर चार पावलांनी मागे बघत होता. बाई काठी आपटत येत होत्या, बघून टाकलेलं असं एकही पाऊल नव्हतं. घसरणीपाशी तो थांबला आणि हात पुढे केला.

"नको," बाई म्हणाल्या.

"बाई, ओलं आहे. उतरताना पाय जास्त सुटतो."

"नको म्हटलं ना."

तो खालच्या अंगाला गेला आणि खाचेत टाचा रोवून उभा राहिला. बाईंनी काठी टेकवली, एक पाय टाकला, दुसरा टाकला. सातव्या पावलाला काठी शेवाळावरून निसटली.

ओरडायलाही वेळ नव्हता. बाई बसल्याच आणि बसल्या बसल्या खाली घसरत आल्या, सरळ त्याच्या अंगावर. त्यानं एका हातानं त्यांचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताची बोटं एका खाचेत घातली. दोघांच्या वजनानं त्याचा एक पाय सुटला आणि कडेवरून लोंबकळला. काठी खडखडत खाली ओढ्यात जाऊन पडली.

"हलू नका," तो म्हणाला. "ताई, पिशवी तिथेच टाका. पट्टा काढून द्या मला. पायाकडे बघून या. माझ्याकडे नको, पायाकडे."

मुलगी बसून बसून आली. तिनं पिशवीचा पट्टा त्याच्या मनगटाला आणि वरच्या एका सुळक्याला बांधला, तेव्हा कुठे त्याला पाय परत वर घेता आला. बाईंचा घोटा दोन मिनिटांत सुजला. उभं राहायचा प्रयत्न केला तर कळ मस्तकात गेली.

टिचकी पाठ करून खाली बसला. "चढा."

बाईंनी आजूबाजूला बघितलं. दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी त्याच्या गळ्याभोवती हात टाकले. तो उठला, एकेक खाच पायानं चाचपत उरलेली घसरण पार केली आणि मग गवतातली वाट लागल्यावर त्याला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. मुलगी पुढे चालून काटे बाजूला करत होती.

निम्मी वाट सरल्यावर त्याच्या कानाशी बाईंचा आवाज आला. "छिन्नीनं केलंत?"

"नाही. आधी एका सुट्या दगडावर छिन्नी चालवून बघितली. कड धारदार येते, हरणांसारखी येत नाही. मग ओढ्यातली गारगोटी घेतली."

"गारगोटी हातात धरून? का वर दुसरा दगड मारून?"

"नुसती हातात. वरून दगड मारला तर टोचा कुठे पडेल ते आपल्या हातात राहत नाही."

"हे मी वीस वर्षं लोकांशी भांडतेय," त्या म्हणाल्या. "की हरणं नुसत्या हातानं केली आहेत. किती गारगोट्या लागल्या?"

"चाळीसेक असतील. टोक बोथट होतं ना."

"ऐकतेस ना?" बाई पुढच्या मुलीला म्हणाल्या. "लक्षात ठेव. चाळीस." मग पुन्हा त्याच्या कानाशी, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही, टिचकी."

"नका करू. हात तेवढे घट्ट धरा, पायऱ्या आल्यात."

फाटकापाशी गाडीत बसल्यावर त्यांनी काच वर केली. निरोप घेतला नाही.

पुढचे सात-आठ महिने वाईट गेले. टिचकीनं स्वतःच ऑफिसात जाऊन लेखी जबाब दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे तुम्ही मला तोंडी सांगितलं असतंत तर मी ऐकलंच नाही म्हणालो असतो." पण कागद आला म्हटल्यावर त्यांचाही इलाज नव्हता. ओळखपत्र काढून घेतलं. चौकशी बसली. त्यानं कोरलं तेव्हा जागा संरक्षित नव्हती, म्हणून गुन्हा दाखल झाला नाही, पण नोकरी गेली ती गेली. पेपरात आलं. वाटेत भेटणारे काही जण थट्टेनं विचारायचे, आमच्या सासूबाईंचं कोरून देता का. काही जण बोलायचेच बंद झाले. बायकोनं एकदाच म्हटलं, "ठरवून बोला म्हणाले होते, तुम्ही एका वाक्यात सगळं सांगून मोकळे," आणि पुन्हा विषय काढला नाही. ती जास्तीचे गणवेश शिवायला घ्यायला लागली. तो बटणं लावून द्यायचा.

आणि ज्याची भीती होती ते झालंच. खाणवाल्यांनी अर्ज केला. एक चित्र खोटं, तर बाकीची खरी कशावरून, असा त्यांचा मुद्दा होता. सुनावणीला टिचकी मागच्या बाकावर बसला होता. त्याला वाटत होतं, आपण तोंड उघडलं आणि हरणं मारली.

बाई कुबडी घेऊन आल्या. घोटा अजून पुरता बरा नव्हता. त्या त्याच्याकडे न बघता पुढे जाऊन बसल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहून म्हणाल्या, "दोनशे तेरांपैकी एका चित्राबाबत मी चुकले. पस्तीस वर्षं चुकत होते आणि ते मी छापून कबूल केलेलं आहे. पण आता उरलेल्या दोनशे बारांबद्दल माझ्याकडे आधी नव्हता असा पुरावा आहे. नवं कसं दिसतं ते आता आम्हाला नक्की माहीत आहे. ते किती साली, कशानं आणि किती दिवसांत झालं हे सांगणारा माणूस हयात आहे. त्या नव्या चित्राशेजारी ठेवून बघितलं की हरणांचं वय लपत नाही." मग चष्मेवालीनं भिंगातून काढलेले फोटो एकेक करून मांडले. तिला तास लागला. समोरच्या वकिलांनी तिला बरंच उलटसुलट विचारलं. ती एकदाही अडखळली नाही.

निकालाला तीन आठवडे लागले. अर्ज फेटाळला गेला. टिचकीला ते साहेबांनीच फोन करून सांगितलं, आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "मी फोन केला नव्हता, बरं का."

बाई त्याच्याशी पुन्हा पहिल्यासारख्या कधी बोलल्या नाहीत. दोनदा काही विचारायला फोन आला, दगडाबद्दलच. तब्येतीचं त्यानं विचारलं तर "ठीक" म्हणून ठेवून दिला. चौथ्या कातळापाशी खात्यानं पाटी लावली, की हे चित्र प्राचीन नाही, खाणीत काम करणाऱ्या एका बाईचं आहे आणि तिच्या मुलानं कोरलेलं आहे. मजकूर बाईंनी लिहून दिला होता असं टिचकीला नंतर कळलं. त्यानं त्याबद्दल आभार मानायला फोन केला नाही. त्यांना आवडलं नसतं.

आता तो आठवड्यातले चार दिवस चष्मेवालीकडे कामाला जातो. कॉलेजच्या मागच्या अंगणात तिनं पत्र्याची शेड उभारली आहे. तिथे काळ्या दगडाच्या लाद्या मांडून ठेवल्यात आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या गारगोट्या टोपल्यांत. तो टोचे मारतो, ती मोजते, भिंगातून बघते, लिहून घेते. एक लादी उन्हात, एक पावसात, एक मातीखाली, असं चाललेलं असतं. शंभर वर्षांनी कोणीतरी बघेल म्हणते.

पहिल्या दिवशी तिनं त्याला लादी दिली आणि म्हणाली, "काका, रेघाच मारायला पाहिजेत असं नाही. काहीही काढा, तुम्हाला वाटेल ते."

टिचकी गारगोटी हातात घेऊन बसला. तासभर त्याला काही सुचेना. शेवटी त्यानं सुरुवात केली आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत टोचत राहिला. मुलगी चहा घेऊन आली आणि लादीकडे मान वाकडी करून बघत राहिली.

"कुत्रा आहे का?"

"शेळी," टिचकी म्हणाला. "थांबा, शिंगं राहिलीत."